आकाश दोन्हीकडे सारखं नाही

समितीच्या खोलीत सात माणसं बसली होती आणि प्रत्येकासमोर माझा आराखडा न उघडता ठेवलेला होता. मधल्या खुर्चीवरच्या सरांनी पहिल्या पानावरचा पत्ता तेवढा वाचला.

"दुसरबीड. म्हणजे सिंदखेडराजा तालुका ना? मग लोणार तुम्हाला किती लांब?"

"जवळच आहे, सर. बीबीवरून गेलं की तासाभरात."

"मग लोणार घ्या की! जगभरातून लोक येतात तिथं. घराशेजारी एवढं विवर असताना तुम्ही हे..." त्यांनी बोटाने शीर्षक शोधलं, "वैश्विक पार्श्वभूमी प्रारणातील असमानता. हे कशाला?"

पीएचडीची नोंदणी व्हायची असेल तर या समितीने विषयाला मान्यता द्यावी लागते. मी तेव्हा बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. आदल्या रात्रीपर्यंत मी या एका प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं, कारण तो येणार हे मला माहीत होतं. बुलढाणा जिल्ह्यातून कोणीही विज्ञानाचं नाव काढलं की समोरचा माणूस लोणार काढतो. तरीही ऐन वेळी पाठ केलेलं सगळं गेलं आणि तोंडातून घरची भाषा आली.

"सर, मले हाच विषय पाह्यजे."

खिडकीजवळचे एक प्राध्यापक हसले. वाईट हेतूने नाही, गंमत वाटली म्हणून. एरवी मी लगेच 'मला' असं सुधारून घेतलं असतं. बुलढाण्यात शिकायला आल्यापासून मी तेच करत होते. त्या दिवशी नाही केलं.

"मले हाच विषय पाह्यजे," मी पुन्हा म्हटलं. "लोणारवर काम करायले पुण्याहून लोक येतात, परदेशातून येतात. त्यांना कोणी म्हणत नाही की तुमच्या घरामागचा खड्डा बघा. मग आम्हीच काऊन आमच्या खड्ड्यापाशी बसायचं?"

आता कोणी हसलं नाही. मधल्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "विषयात सुधारणा करून पुढच्या बैठकीत या."

लोणारशी माझं काही वाकडं नाही. शाळेच्या सहलीत तिथं गेलो होतो तेव्हा मी काठावर बराच वेळ बसून राहिले होते. पण माझ्या मनात जो प्रश्न शिरला होता तो वेगळा होता, आणि तो कसा शिरला ते सांगायला हवं.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी एक चित्र दाखवलं. लंबगोलात निळे-तांबूस ठिपके, सगळीकडे पसरलेले. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हा ते इतकं तापलेलं आणि दाट होतं की उजेडाला बाहेर पडायला वाटच नव्हती. जवळजवळ चार लाख वर्षांनी ते निवलं आणि उजेड सुटला. तोच उजेड अजून सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो आहे, फक्त इतका थंड झालाय की डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मलहरी पकडणाऱ्या यंत्रांनाच कळतो. कुठेही बघा, तो जवळपास सारखाच. कुठे एक लाखावा भाग उबदार, कुठे तेवढाच गार. त्या चिमूटभर फरकांतूनच पुढे दीर्घिका झाल्या, तारे झाले. त्या फरकांबद्दल कोणाची तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. हे चढउतार आकाशाच्या सगळ्या बाजूंना एकाच मापाचे असायला हवेत. पण आकाशाचे दोन अर्धे केले तर एका अर्ध्यात ते थोडे ठळक आहेत आणि दुसऱ्यात थोडे फिके. वेगवेगळ्या काळात गेलेल्या दोन उपग्रहांना हेच दिसलं. शिवाय दक्षिणेकडे एक गार डाग आहे, असायला हवा त्यापेक्षा मोठा आणि थंड.

मी हात वर करून विचारलं, "सर, दोन्ही बाजू सारख्या का नाहीत?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत वर्गात कोणी शिक्षक असं म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. सरांचं सगळं आयुष्य काचेवर धातूंचे पातळ थर चढवण्यात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालयाजवळ थांबवून सांगितलं, "मी काल रात्री वाचलं. कोणालाच माहीत नाही."

मग मी वाचत गेले. काहीजण म्हणतात हा निव्वळ योगायोग आहे, फासे असे पडले. काहीजण यंत्रावर संशय घेतात, काही आपल्याच आकाशगंगेच्या धुळीवर. आणि थोडी माणसं म्हणतात की हे सुरुवातीपासूनच आहे. पहिल्या क्षणाच्याही कणभर भागात विश्व अफाट फुगलं, त्या फुगण्यातच एका बाजूला कमी-जास्त झालं असेल. आपल्याला दिसतं त्या सगळ्या विश्वाहूनही लांब अशी एखादी लाट असेल, आणि आपल्या वाट्याला तिचा फक्त उतार आला असेल. मला या लाटेने पछाडलं. असेल का ती? आणि असेल तर तिने आणखी कुठे खूण ठेवली असेल?

सरांना मी मार्गदर्शक व्हायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाले, "मी सही करीन. शिकवू शकणार नाही. तूच मला शिकव."

तर समितीने परत पाठवलेला आराखडा घेऊन मी दुसरबीडला आले. विषयात मी एका अक्षराचीही सुधारणा केली नाही. उलट कामच सुरू केलं, नोंदणी नसताना.

आमचं गादी भरायचं दुकान रस्त्याला लागून आहे. पुढे दुकान, मागे घर. कापूस पिंजायचं मशीन चालू असलं की बोलणं ऐकू येत नाही आणि कोपऱ्या-कोपऱ्यात पांढरं तरंगत असतं. घरात आम्ही आमच्या पद्धतीची हिंदी बोलतो, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी बोलून अब्बांना तीच इतकी अंगवळणी पडली आहे की मनापासून काही सांगायचं असलं की ते वऱ्हाडीतच सांगतात.

मोबाइलला रेंज दुकानाच्या पायरीवरच चांगली. तिथे बसून मी उपग्रहाचे नकाशे उतरवून घेतले. हे नकाशे साऱ्या जगासाठी खुले ठेवलेले असतात. पुण्यातल्या माणसाला मिळतो तोच नकाशा दुसरबीडच्या पायरीवर मिळतो. कोणी पत्ता विचारत नाही. मला त्याचं फार समाधान वाटलं होतं. आठवड्याचे चार दिवस बुलढाण्यात तास घ्यायचे, उरलेले तीन दिवस गाद्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून काम. लॅपटॉपमध्ये कापूस जाऊ नये म्हणून अम्मीने त्याला जुन्या ओढणीची खोळ शिवली होती.

पाच महिन्यांनी मला उत्तर मिळालं. आकाशाच्या दोन अर्ध्यांमधला फरक लोकांनी मोजला होता त्याच्या तिप्पट येत होता. मी ते तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. मी पायरीवरून उठून दुकानात गेले आणि मशीन बंद करून अब्बांना सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोणास ठाऊक, पण मी समोर धरलेलं उपग्रहाच्या संस्थेचं तयार चित्र त्यांनी नीट पाहिलं.

"हे मधात काय झाकलं?"

"आपली आकाशगंगा. तिची धूळ मधात येते, म्हणून तेवढा पट्टा झाकून ठेवायचा असतो."

"तू बरोबर झाकलं ना? गादीत गोळा राह्यला तर लोकं कापसाले नाव ठेवतात. पयले आपला हात पाह्य."

"अब्बा, ही गादी नाही," मी चिडून म्हटलं आणि मशीन पुन्हा चालू केलं.

मी सरांना फोन केला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: 'दुसरबीडच्या लेकीने उकलले विश्वाचे कोडे'. सोबत माझा बीएस्सीच्या ओळखपत्रावरचा फोटो. फोन थांबेनात. बीबीच्या माझ्या मावशीने कात्रण लॅमिनेट करून घेतलं. गावातल्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी, ते भाजीचे ठोक व्यापारी होते, पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर माझा सत्कार जाहीर केला.

अब्बांच्या बोलण्यामुळे मला चूक सापडली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांचं बोलणं मी विसरूनही गेले होते. झालं ते असं की सत्काराच्या भाषणासाठी दोन चित्रं हवी होती, आणि आकाशगंगा कशी झाकतात हे लोकांना दिसावं म्हणून मी पहिल्यांदाच माझ्या हिशेबातल्या त्या झाकणाचं एकट्याचं चित्र काढून पाहिलं. मधोमध आडवा पट्टा दिसायला हवा होता. दिसलं ते वेगळंच. आकाशभर काळी ठिगळं विखुरलेली. नकाशातले ठिपके, म्हणजे पिक्सेल, एका क्रमाने मोजलेले असतात आणि झाकणातले दुसऱ्या क्रमाने, हे मला ठाऊक होतं, पण ते जुळवून घ्यायला मी विसरले होते. म्हणजे पाच महिने मी भलतीकडचं आकाश झाकत होते आणि आकाशगंगेची धूळ उघडीच होती. तिप्पट फरक त्या धुळीचा होता.

ती शुक्रवारची दुपार होती. मी दुरुस्ती करून पुन्हा हिशेब लावला. तिप्पट गेलं. जे राहिलं ते इतरांनी मोजलं होतं तेवढंच, थोडंसं. पण राहिलं. आधी मला रडू आलं आणि मग मी त्या राहिलेल्या थोड्याशा फरकाकडे बघत बसले.

मी अध्यक्षांकडे गेले. ते भाजीच्या क्रेट उतरवून घेत होते.

"काका, सत्कार रद्द करा. माझं चुकलं आहे. तो शोध नाही."

"असं कसं बोलतं? पत्रिका वाटल्या, मंडपवाला येऊन राह्यला. तुले बोलायचं असन ते मंग बोल, आठ दिवसानं."

"आठ दिवसांनी कोण ऐकणार?"

"तेच तर म्हणतो मी," ते म्हणाले आणि क्रेट मोजायला लागले.

रविवारी सकाळी अम्मीने माझे कपडे काढून ठेवले नाहीत. "बोल दे, बुखार आया," ती म्हणाली. "क्या जरूरत है सबके सामने?" ती माझीच बाजू घेत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी अब्बांकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते.

"खराब गादी गिऱ्हाइकाच्या घरी गेली तं वापस आणा लागते," ते सुईकडे बघतच म्हणाले. "लोकं हासतात. पण आणा लागते."

मैदानावर दोनशेच्या वर माणसं असतील. पुढे बायका, मागे मोटारसायकलींवर बसलेली माणसं. अध्यक्षांनी विश्व, आपलं गाव आणि मुलींचं शिक्षण यांवर भाषण केलं. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हटलं, "पेपरात आलं ते खरं नाही. मी मोजण्यात चूक केली. मी विश्वाचं कोणतंही कोडं सोडवलेलं नाही."

अध्यक्षांनी चटकन माईक घेतला. "आपल्या ताई किती विनयशील आहेत पाहा! एवढा मोठा शोध लावूनही—"

मी त्यांच्या हातातून माईक परत घेतला. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून असं काही मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं. "काका, हा विनय नाही. चूक आहे."

मागून एक आवाज आला, "मंग सत्कार काऊन करून राह्यले बे?"

सगळं मैदान हसलं. मीही. "तेच मी शुक्रवारपासून विचारून राह्यली," मी म्हटलं. आणि मग, हसणं ओसरायच्या आत, मी त्यांना सांगितलं की चूक काढल्यावरही एक छोटा फरक उरतो, तो मी शोधलेला नाही, आधीच्या लोकांनी शोधला आहे, पण तो का आहे हे अजून कोणाला माहीत नाही, आणि मला तेच बघायचं आहे. दहा मिनिटं बोलले असेन. वऱ्हाडीतच बोलले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मध्येच विचारलं, "म्हंजे आभाळ एकीकून जास्त पिंजलं गेलं?" मी म्हटलं, "काहीतरी तसंच, आजी. पण कोणी आणि कसं, ते पाह्यचं आहे."

शाल मी घेतली नाही. नारळ अध्यक्षांनी रागारागाने हातात कोंबला. पुढे दोन-तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि दुकानावरून जाताना काही मुलं "विश्वाचं कोडं" असं ओरडायची. वर्तमानपत्राकडे मी दुरुस्ती पाठवली. ती छापून आली नाही. मी पुन्हा पाठवली, मग स्वतः जाऊन दिली. चौथ्या वेळी दोन ओळी आल्या, आतल्या पानावर.

पुढच्या बैठकीला समितीत तेच मधले सर होते. त्यांच्याकडे पहिल्या बातमीचं कात्रण होतं. ते त्यांनी टेबलावर सरकवलं.

"हे तुमचं?"

"बातमी माझी नाही, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि त्यांनी विचारायच्या आधी फळ्यावर ठिपक्यांचे दोन्ही क्रम काढून कुठे चुकले ते दाखवलं. मग दुरुस्त केलेला आकडा लिहिला.

"एवढासा फरक," ते म्हणाले. "हा योगायोग असू शकतो."

"असू शकतो."

"मग? आपल्याकडे विश्व एकच आहे. दुसरं आणून तुलना करता येणार नाही. योगायोग आहे की नाही हे तुम्ही ठरवणार कसं?"

हा प्रश्न खरा होता आणि त्याचा मला आदर वाटला. लोणारपेक्षा कितीतरी चांगला प्रश्न. मी म्हटलं, "सर, आतापर्यंत बघितलंय ते या उजेडाचं तापमान. त्याच उजेडाच्या कंपनाला एक दिशाही असते, ध्रुवण. खरोखर एखादी लांब लाट असेल तर तिचा उतार ध्रुवणातही दिसायला हवा. नुसता योगायोग असेल तर तो तिथे पुन्हा तसाच दिसायचं काही कारण नाही. मला ते ध्रुवण बघायचं आहे."

"आणि काहीच मिळालं नाही तर?"

"तर तसं लिहीन."

खिडकीजवळचे प्राध्यापक, मागच्या वेळी हसलेले, या वेळी म्हणाले, "द्या हो, करू द्या." अट एकच घातली: या विषयातला सहमार्गदर्शक शोधून आणायचा. मी अकरा जणांना पत्रं लिहिली, त्यात माझी चूकही लिहिली. दहा जणांनी उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं. अकराव्या एक बाई होत्या, दूरच्या एका शहरात शिकवणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची ती चूक तुम्हाला स्वतःला सापडली की कोणी दाखवली?" मी सांगितलं. त्यांनी होकार दिला.

त्यानंतर पाच वर्षं गेली. त्यात सर निवृत्त झाले, माझे तास दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि लग्नाचं विचारायला आलेल्या एका घराने 'हे आभाळाचं किती दिवस चालणार' असं विचारल्यावर मी 'माहीत नाही' असं उत्तर दिलं, तेव्हा तेही तिथेच थांबलं. मला त्याचं वाईट वाटलं, वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण उत्तर बदलावं असं वाटलं नाही.

ध्रुवणाचे नकाशे तापमानाच्या नकाशांपेक्षा फार खरखरीत असतात. यंत्राचा स्वतःचाच गोंगाट त्यात भरलेला असतो. माझ्या नकाशात कुठेतरी तो उतार असल्यासारखा दिसे आणि गोंगाट धरून हिशेब केला की विरून जाई. मी हजारो खोटी आकाशं संगणकावर बनवली, लाट असलेली आणि लाट नसलेली, आणि खऱ्या आकाशाशेजारी ठेवून पाहिली. दोन्ही जातींची आकाशं त्याच्याशी मिळतीजुळती निघत. शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं की उपलब्ध नोंदींवरून या असमानतेचं मूळ विश्वाच्या सुरुवातीत आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "म्हणजे पाच वर्षांत काही सापडलं नाही."

सहमार्गदर्शक बाई काही बोलणार होत्या; मी त्यांना थांबवलं.

"सर, कुठपर्यंत सांगता येतं आणि कुठून पुढे सांगता येत नाही, ती रेघ सापडली. लाट एका ठरावीक मापाहून मोठी असती तर आत्ताच दिसली असती, म्हणून तेवढी मोठी ती नाही. त्याहून लहान असेल तर किती चांगलं यंत्र लागेल, ते चौथ्या प्रकरणात आहे. ते यंत्र नाही म्हणून प्रश्न नाही, असं होत नाही."

त्यांनी चौथं प्रकरण उघडलं. बराच वेळ वाचत होते. मग एका समीकरणावर बोट ठेवून त्यांनी एक चिन्ह चुकल्याचं दाखवलं. खरंच चुकलं होतं, टंकलेखनात. मी तिथेच पेनने दुरुस्त केलं. पदवी मिळाली.

मी आजही बुलढाण्यातच शिकवते, अजून तासिका तत्त्वावरच. पुण्याच्या एका परिषदेत गेल्या वर्षी बोलले. इंग्रजीत बोलले, कारण तिथे तसंच बोलायचं असतं, पण प्रश्नोत्तरांत एकाने मराठीत विचारलं तेव्हा मी माझ्या मराठीत उत्तर दिलं. दोघंतिघं गालातल्या गालात हसले. मी बोलणं हळूही केलं नाही आणि पॉलिशही केलं नाही. माझ्या आकड्यांवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हणून थांबले. एका मुलीने विचारलं, आणि आम्ही चहा थंड होईपर्यंत बोलत होतो.

दुसरबीडला गेले की रस्त्यावर अजून कोणीतरी विचारतं, "काय ताई, लागला का शोध?" त्यात टोमणा असतो की कौतुक, हे मी आता बघत नाही.

"नाही लागला," मी म्हणते. "शोधून राह्यली."

आणि एसटी आलेली असली तर चढते. अलीकडे जमिनीवरच्या एका नव्या दुर्बिणीच्या ध्रुवणाच्या नोंदी खुल्या झाल्या आहेत. ती आकाशाचा तुकडाच बघते, पण गोंगाट पुष्कळ कमी आहे. फाइल मोठी आहे, चार दिवस झाले उतरते आहे.